गिअरबॉक्स उतरवायच्या आधी: दोन लाखाच्या पुढं पळालेल्या गाडीचा दोष कसा ओळखायचा

मागच्या मे महिन्यात तुळजापूरहून सोलापूरला परत आलो आणि घरापाशी गाडी मागं घ्यायला रिव्हर्स टाकला तर असा खर्रर्र आवाज आला की मागच्या सीटवर झोपलेली आई दचकून उठली. आमची सात सीटर डिझेल गाडी, २ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली, तिथल्या मिस्त्रीनं लिव्हर दोनदा मागंपुढं करून बघितला आणि लगेच निकाल दिला, "गिअरबॉक्स गेलाय ओ मामा, उतरवावं लागतंय." खर्च पंचवीस-तीस हजार म्हणाले. मी गाडी तशीच घरी आणली, संध्याकाळी ऊन उतरल्यावर दहा मिनिटं नीट तपासलं आणि दोष निघाला क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरमधे (पेडल दाबलं की ऑइलच्या दाबानं क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर), म्हणजे गिअरबॉक्सला हात लावायचं कामच नव्हतं. सिलिंडरचं किट बदललं, लाईनमधली हवा काढली, गाडी पूर्वीसारखी चालायला लागली.

तेव्हापासून नात्यातले, ओळखीतले लोक फोन करून विचारतात की गिअर अडकतोय, आवाज येतोय, काय करू. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितोय. यातलं निम्मं काम असं आहे की त्याला पाना पण लागत नाही, फक्त कान, पाय आणि थोडा धीर लागतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गॅरेजला गेलं की आपण सांगतो "आवाज येतोय", पण आवाज कसला आहे त्यापेक्षा तो कधी येतो हे जास्त महत्त्वाचं आहे. गार गाडीत येतो का गरम झाल्यावर, क्लच दाबल्यावर येतो का सोडल्यावर, एकाच गिअरमधे का सगळ्या, ऍक्सिलरेटर देताना का सोडताना, गाडीच्या वेगाबरोबर वाढतो का इंजिनच्या आरपीएमबरोबर, सरळ जाताना का वळताना. चार दिवस गाडी चालवा आणि हे सगळं मोबाईलमधे लिहून ठेवा, आवाजाचा व्हिडिओ काढा. कारण गाडी गॅरेजमधे गेली की नेमका तेव्हाच आवाज गप्प बसतो हा सगळ्यांचा अनुभव आहे.

गाडी उभी असतानाच्या तपासण्या

पहिली तपासणी इंजिन बंद ठेवून. सपाट जागा बघा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, क्लच पूर्ण दाबा आणि पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत सगळे गिअर टाकून बघा. एखादा गिअर बसला नाही तर दगड काढून, हँडब्रेक सोडून गाडी हाताने थोडी पुढंमागं हलवून परत टाका, दात समोरासमोर आले की असं होतं, तो दोष नाही. आता हँडब्रेक आणि दगड परत लावून इंजिन चालू करा आणि तेच परत करा. इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडतायत आणि चालू केल्यावर अडतायत, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही, गिअरबॉक्स बहुतेक निर्दोष आहे. आणि इंजिन बंद असताना पण लिव्हर जड जातोय, तर दोष लिव्हर, केबल, लिव्हरच्या जोडणीचे (लिंकेजचे) बुश नाहीतर गिअर सरकवणारे आतले फोर्क यांच्यात शोधायचा. माझ्या गाडीत पहिला प्रकार होता. फक्त या एका तपासणीनं माझे पैसे वाचले, आणि ती त्या गॅरेजमधे कुणी केलीच नव्हती याचं मला आजही वाईट वाटतं.

क्लच सुटत नाही असं वाटलं तर लगेच पुढची. क्लच तीन-चार वेळा भराभर पंप करा आणि मग गिअर टाका. पंप केल्यावर गिअर सहज पडला तर हायड्रॉलिक लाईनमधे हवा आहे नाहीतर मास्टर (पेडलजवळचा) किंवा स्लेव्ह सिलिंडर गळतोय. बॉनेट उघडून क्लचच्या ऑइलची डबी बघा, काही गाड्यांत ब्रेकची आणि क्लचची डबी एकच असते, लेव्हल खाली गेलेली असेल तर ऑइल कुठंतरी जातंयच. स्लेव्ह सिलिंडर बाहेर असेल तर त्याच्या टोकाचं रबराचं बूट बोटानं जरासं उचला. माझ्या गाडीत ते उचललं तर आतून काळसर पाण्यासारखा एक थेंब बोटावर आला, बाहेरून मात्र सगळं कोरडं, धूळ बसलेली. नुसतं वरून बघितलं असतं तर कळलंच नसतं. हे ऑइल रंगावर पडलं की रंग जातो, तेव्हा लगेच पाण्यानं धुवा. केबलचा क्लच असेल तर केबलचं सेटिंग आणि केबल आत चरचरते का ते बघायचं.

आता रिव्हर्सची तपासणी. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर बसायच्या आधी वेग जुळवणारी रिंग, नसते, त्यामुळं रिव्हर्स हा क्लचचा खरा साक्षीदार. न्यूट्रलमधे इंजिन चालू ठेवा, क्लच पूर्ण दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. पाच सेकंद थांबूनही खर्रर्र होत असेल तर क्लच ड्रॅग करतोय, म्हणजे पूर्ण सुटत नाही. घाईत टाकला तरच आवाज येतो आणि थांबून टाकल्यावर येत नाही, तर काही बिघडलेलं नाही, सवय बदला.

मग कानाची तपासणी, मला सगळ्यात आवडणारी. इंजिन चालू, न्यूट्रल, पाय क्लचवरून पूर्ण बाजूला. घरघर ऐकू येते का? आता हळूहळू क्लच दाबा. पाय सोडलेला असताना आवाज आहे आणि दाबल्यावर तो बंद होतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनची ताकद आत आणणारा दांडा) नाहीतर आतल्या काउंटर शाफ्टचं (त्याच्याशी जोडून बाजूला फिरणारा दांडा) बेअरिंग संशयात घ्या, कारण न्यूट्रलमधे क्लच वर असताना हे दोन्ही शाफ्ट फिरत असतात आणि क्लच दाबला की थांबतात. उलट क्लच दाबल्यावरच किर्रर्र सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबलं की प्रेशर प्लेटला ढकलणारं बेअरिंग. ते गिअरबॉक्सच्या बाहेरचं काम आहे, पण बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, त्यामुळं मिस्त्री "गिअरबॉक्सचं काम" म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो, फक्त बिलात आतले गिअर आणि बेअरिंग आहेत का तेवढं नीट विचारून घ्या. नव्या पद्धतीच्या काही डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं, म्हणजे इंजिनच्या मागचं जड चाक दोन भागांचं आणि मधे स्प्रिंगा, त्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या की आयडलला खडखड आणि इंजिन बंद करताना एकदा जोरात खडाड् असा आवाज येतो, तो पण लोक गिअरबॉक्सच्या नावावर घालतात.

फाउंडेशन, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग, हे फार लोक विसरतात. बॉनेट उघडं ठेवून कुणालातरी गाडीच्या बाजूला उभं करा, समोर नाही आणि मागं तर अजिबात नाही. हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून पहिल्या गिअरला क्लच अगदी थोडा सोडा, मग रिव्हर्सला तसंच. इंजिन जागेवरून उडी मारल्यासारखं उचलत असेल तर रबर फाटलंय. फाउंडेशन गेलं की लिव्हर हलतो, धक्के बसतात, कधीकधी तर चालत्या गाडीत गिअर सुटून न्यूट्रल होतो. आणि दुरुस्ती म्हणाल तर गिअरबॉक्स उघडण्यापेक्षा स्वस्त.

ऑइल काय सांगतं

जुन्या गाडीचा गिअरबॉक्स समजून घ्यायचा असेल तर त्याचं ऑइल बघा. खाली जायचं तर रॅम्पवर नाहीतर खड्ड्यावर, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच जाऊ नका, कितीही घाई असू द्या. गाडी सपाट पाहिजे. आणि एक नियम, ड्रेन बोल्ट उघडायच्या आधी वरचा फिलर बोल्ट उघडून बघा. फिलर गंजून अडकलेला असेल आणि खालून ऑइल काढून टाकलं असेल तर नवीन भरणार कुठून?

बऱ्याच मॅन्युअल गिअरबॉक्सला लेव्हल म्हणजे फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, करंगळी आत वाकवली की टोकाला ऑइल लागलं पाहिजे. ऑइल कमी असेल तर बेअरिंग गुणगुणतात आणि गिअर जड पडतात. ऑइल गेलं कुठं ते पण शोधा, ऍक्सलच्या सील जवळ, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडं जाणारा लांब दांडा) जिथं आत शिरतो तिथं, लिव्हरच्या बुडाशी. आपल्याकडं शेतातल्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांत एक गोष्ट मी बघितलीय, गिअरबॉक्सच्या वरच्या ब्रीदरवर, म्हणजे आतली हवा बाहेर जायच्या छोट्या तोंडावर, काळी माती बसून तो बंद होतो, आत गरम हवेचा दाब वाढतो आणि चांगलं सील पण ऑइल सोडायला लागतं. मग लोक सील बदलतात, महिन्यात परत गळती. ब्रीदर साफ करा, फुकटचं काम आहे.

काढलेलं ऑइल स्टीलच्या ट्रेमधे घ्या आणि सकाळच्या उन्हात ट्रे तिरपा करून बघा. बऱ्याच गाड्यांत ड्रेन बोल्टला मॅग्नेट असतं, त्यावर राखाडी मलमासारखं काहीतरी चिकटलेलं असतं, ते दोन बोटात चोळा. मऊ लागलं, टूथपेस्टसारखं, तर लाख-दोन लाख किलोमीटर पळालेल्या गाडीत ते चालणारच, घाबरू नका. बोटाला टोचलं, सुईसारखे तुकडे लागले, पापुद्रे निघाले, तर गिअरचे दात नाहीतर बेअरिंग सुटायला लागलंय आणि आता खरंच उघडायची वेळ आलीय. ऑइलमधे सोनेरी चमक दिसली, मॅग्नेटला न चिकटणारी, तर ते पितळ आहे, म्हणजे सिंक्रो रिंग झिजतायत. दुधाळ चहासारखा रंग आला तर पाणी शिरलंय, पावसात साठलेल्या पाण्यातून गाडी घातली होती का आठवा.

नवीन ऑइल टाकताना हँडबुकमधे लिहिलेलं ग्रेडच टाका. दुकानदार म्हणतो "सगळीकडं हेच चालतंय", नका ऐकू. मॅन्युअल गिअरबॉक्सला बऱ्याचदा जीएल-४ दर्जाचं ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० सांगितलेलं असतं, मागच्या डिफरन्शिअलला (दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) जीएल-५. जिथं जीएल-४ सांगितलंय तिथं जीएल-५ टाकलं तर पितळी सिंक्रो रिंगला ते मानवत नाही, गिअर बदलताना घासायला लागतं. नुसतं चुकीचं ऑइल काढून बरोबर टाकल्यावर "खराब" दुसरा गिअर सुधारलेला मी स्वतः अनुभवलाय. आणि डिसेंबरच्या थंडीत सकाळी पहिले दोन किलोमीटर गिअर जड वाटतो, मग मोकळा होतो, तर ते घट्ट ऑइलमुळं, त्यावर खर्च करू नका.

रस्त्यावर

सकाळी सहाला निघा, ट्रॅफिक नसतं आणि गाडी पूर्ण गार असते. खिडक्या खाली, एसी बंद, गाणी बंद. आधी गल्लीत, मग विजापूर रोड किंवा होटगी रोडसारख्या सलग रस्त्याला, आणि शेवटी गाडी पूर्ण तापल्यावर चढाला. आपलं सोलापूर सपाट, इथं लोड पडतच नाही, त्यामुळं गावात शहाणी वागणारी गाडी तुळजापूरच्या घाटात खरं बोलते. ४५ किलोमीटरचं अंतर आहे, तेवढ्यात ऑइल पण पूर्ण गरम होतं. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला दुपारी जो आवाज येतो तो जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात येईलच असं नाही, हे पण लिहून ठेवा.

क्लच घसरतोय का ते बघायला तिसऱ्या-चौथ्या गिअरला चाळीसच्या वेगात या आणि ऍक्सिलरेटर एकदम दाबा. आरपीएमचा काटा पळाला आणि गाडी वेग घ्यायला वेळ लावतेय, तर क्लच प्लेट संपत आलीय. ऊसाच्या सीझनमधे ट्रॉलीच्या मागं अर्धा-अर्धा तास हाफ क्लचवर रांगत जाणाऱ्या गाड्यांची प्लेट लवकर जाते, जळका वास आला की समजा. ही तपासणी एकदाच करा, दहा वेळा करून उरलेली प्लेट जाळू नका.

एकाच गिअरला, समजा दुसऱ्याला, वरून खाली येताना खर्र होतंय. मग डबल क्लच करून बघा, म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा ऍक्सिलरेटर, परत क्लच दाबून दुसरा. असं केल्यावर गुपचूप पडला तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलीय. सगळ्याच गिअरला खर्र असेल तर परत क्लचकडं वळा, पाचही सिंक्रो एकदम जात नाहीत. गिअर आपोआप सुटत असेल तर तो ऍक्सिलरेटर देताना सुटतो का सोडताना, ते बघा आणि लिव्हरवर हात ठेवून जाऊ नका, हाताच्या वजनानं आतला फोर्क झिजतो आणि दोष पण झाकला जातो. फाउंडेशन चांगलं असून गिअर सुटतोय तर आतल्या दातांची धार गेलीय, फोर्क झिजलाय नाहीतर लॉकची गोळी-स्प्रिंग गेलीय.

आता गुणगुण. मागच्या चाकांना पॉवर देणाऱ्या पाच गिअरच्या बऱ्याच गाड्यांत चौथा गिअर डायरेक्ट असतो, म्हणजे ताकद काउंटर शाफ्टवरून न जाता सरळ जाते. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात आवाज आहे आणि चौथ्यात एकदम कमी होतो, तर काउंटर शाफ्टचे बेअरिंग किंवा दात बघा. फक्त एकाच गिअरला ओरडते तर त्याच गिअरची जोडी. आणि कुठलाही गिअर असू दे, आवाज फक्त गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, ऍक्सिलरेटर दिला की एक सूर आणि सोडला की दुसरा, तर गिअरबॉक्स सोडा, मागं डिफरन्शिअलचा क्राऊन-पिनियन, म्हणजे त्यातली मुख्य गिअरची जोडी, बघा. रिकाम्या सरळ रस्त्यावर साठच्या वेगात दोन-चार सेकंद न्यूट्रल करून ऐका, इंजिन चालूच ठेवायचं, बंद केलं तर ब्रेक आणि स्टीअरिंग जड होतं. न्यूट्रलमधे पण आवाज तसाच राहिला तर टायर, चाकाचं बेअरिंग किंवा डिफरन्शिअल. डाव्या-उजव्या हलक्या वळणावर आवाज बदलला तर बहुतेक चाकाचं बेअरिंग.

पुढं-रिव्हर्स करताना "टक्" असा एकच आवाज, तर प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस. ठराविक वेगातच गाडी थरथरते, तर शाफ्टचा बॅलन्स किंवा सेंटर बेअरिंग. पुढच्या चाकांना पॉवर असलेल्या गाडीत स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवताना टकटकटक येत असेल तर ऍक्सलचा बाहेरचा जॉइंट, त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं चाकाच्या आत दिसतं.

ऑटोमॅटिक असेल तर

आधी नक्की कुठला प्रकार आहे ते बघा. एएमटी म्हणजे आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच आणि गिअर मशीन टाकतं, त्यामुळं वर लिहिलेलं क्लचचं बरंचसं तिलाही लागू आहे. धक्के मारायला लागली तर क्लच प्लेटची झीज आणि स्कॅनरवरचं (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) क्लच सेटिंग, आधी हे दोन. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत, म्हणजे जिथं पेडलच्या क्लचऐवजी ऑइलमधून ताकद जाते, ऑइलचा रंग आणि वास बघा, बहुतेक एटीएफ (ऑटोमॅटिकचं ऑइल) नवं असताना लाल असतं, काळपट आणि जळका वास म्हणजे आतल्या प्लेटा जळतायत. लेव्हल तपासायची रीत प्रत्येक गाडीची वेगळी, बऱ्याच ठिकाणी इंजिन चालू आणि ऑइल गरम पाहिजे, काहींना डिपस्टिकच नसते. डी टाकल्यावर गाडी ओढायला दोन-तीन सेकंद लावते, गिअर बदलताना आरपीएम उगाच चढतो, हलक्या ऍक्सिलरेटरवर एकसारख्या वेगात रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर होते, हे लिहून घ्या. मग स्कॅनर लावायलाच पाहिजे. पी०७०० कोड आला तर तो फक्त एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोलमधे काहीतरी नोंदलंय, खरा कोड त्याच्या मागं असतो, तो वाचायला लावा. सीव्हीटीत (ठराविक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) तिचंच ऑइल, दुसरं काहीच चालत नाही. आणि ऑटोमॅटिक गाडी बंद पडली तर दोरीनं ओढू नका, पॉवर जाणारी चाकं उचलून न्या, नाहीतर साधा दोष मोठा होतो.

मिस्त्रीशी बोलताना

लिहिलेली यादी हातात घेऊन जा आणि "गिअरबॉक्स खराब आहे" असं आपण म्हणू नका. "इंजिन बंद असताना गिअर पडतायत, चालू असताना नाही, पंप केल्यावर पडतायत", एवढं म्हटलं की चांगला मिस्त्री मान हलवतो आणि सरळ क्लचखाली जातो. आमचे एमआयडीसीतले म्हातारे उस्ताद अजून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडावर लावून ऐकतात, डोळे मिटून, पुढचं बेअरिंग का मागचं ते सांगतात. असा माणूस मिळाला तर त्याला चार पैसे जास्त द्या.

गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर त्याच मजुरीत प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, इनपुट शाफ्टचं सील आणि इंजिनचं मागचं सील बघून घ्या, फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग किंवा तडे आहेत का बघा. जुनी प्लेट अजून थोडी चालेल म्हणून तीच बसवली तर सहा महिन्यात परत तीच मजुरी. काढलेले सगळे पार्ट ट्रेमधे ठेवायला सांगा आणि उघडल्यावर फोन करा म्हणा, स्वतः जाऊन बघा.

गाडी चालवत राहायची का नाही हा प्रश्न सगळे विचारतात. सिंक्रो झिजलेली गाडी डबल क्लच करून महिनोन्महिने चालते. पण बेअरिंगचा आवाज रोज वाढतोय, मॅग्नेटवर तुकडे आलेत, किंवा ऑइल टपटप गळतंय, तर लांब जाऊ नका, बेअरिंग फुटून शाफ्ट अडकला तर चालत्या गाडीत चाकं जाम होऊ शकतात.

काम झाल्यावर पाचशे किलोमीटरनंतर परत रॅम्पवर घ्या, लेव्हल आणि सील बघा. आमची गाडी आता २ लाख ५१ हजारावर आहे, दुसऱ्या गिअरची सिंक्रो खरंच झिजलीय, मॅग्नेटवर मात्र अजून मऊ मलमच येतंय. प्लेट संपेल तेव्हा एकाच मजुरीत दोन्ही करायचं उस्तादांशी बोलून ठेवलंय, तोपर्यंत मी दुसऱ्याला डबल क्लच करतोय.